तीन मिनिटांची प्रार्थना

उपदेशानंतरचं गीत थोरकिलशिवायच सुरू झालं. तो तेव्हा खाली होता, चर्चच्या दाराजवळच्या टॉयलेटमध्ये, कपाळ समोरच्या गार टाइल्सना टेकवून लघवी होण्याची वाट पाहत होता. ती येते येते म्हणायची आणि थांबायची. भिंतीपलीकडून आधी एकट्या फ्लेमिंगचा आवाज आला. फ्लेमिंग हा चर्चचा गायक. मंडळींपुढे उभं राहून गीत उचलून धरणं हे त्याचं काम. पण सुरुवातीचा सूर द्यायचा तो ऑर्गनने, म्हणजे थोरकिलने, आणि तो दिला गेला नाही असं छत्तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. फ्लेमिंगने वर सज्जाकडे पाहिलं असेल, थोडं थांबला असेल, घसा साफ केला असेल, आणि मग बिचाऱ्याने आपल्याच पोटातून सूर काढून पहिली ओळ लावली. पहिल्या ओळीला मंडळी चाचरली. दुसऱ्या ओळीला सावरली. तिसऱ्या ओळीला तर असं वाटायला लागलं, की हे लोक वर्षानुवर्षं असंच गात आलेत. ते सुरात आहेत की नाही हे भिंतीआडूनही थोरकिलला कळत होतं. ते सुरात होते, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. काहीही झालेलं नसताना त्याने पँटची चेन ओढली. बावीस पायऱ्या चढून तो बाकावर बसला तेव्हा चौथं कडवं चाललं होतं. पाचव्यात त्याने, उशिरा आलेल्या पाहुण्याने पंगतीत बसावं तसे, हळूच खालचे दोन सूर मिळवले. कुणीही मान वळवून वर पाहिलं नाही.

ऑर्गनवाल्याचं आयुष्य पाठमोरं असतं. वर सज्जात तो भिंतीकडे तोंड करून बसतो आणि खालचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका लहानशा आरशात दिसतं: वेदी, मेणबत्त्या, बोटाएवढी पाळकबाई, मंडळींच्या पिकलेल्या मानांच्या रांगा. हात केव्हा उचलायचे, केव्हा थांबायचं, हे तो आरशावरून ठरवतो. त्या आरशाखाली थोरकिलने गेल्या तीन वर्षांत एक वेगळंच गणित बसवलं होतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी कॉफी बंद. नऊ वाजता घरी एकदा, साडेनऊला चर्चमध्ये एकदा, दहाचे घंटेचे ठोके पडण्याआधी पुन्हा एकदा, गरज असो वा नसो. पहिली तीन गीतं निभायची. पण खरी भीती उत्तरार्धाची. प्रभुभोजनाच्या वेळी शेवटचा माणूस वेदीपासून उठेपर्यंत वाजवत राहावं लागतं, आणि हात आणि पाय दोन्ही गुंतलेला माणूस कुठे जाणार? म्हणून उपदेश संपताना, शक्य तितकं उशिरा, एकदा मोकळं होऊन यायचं. उपदेशाचा शेवटचा कागद उलटला की पायातले वाजवायचे बूट न काढता पायऱ्या उतरायच्या. उपदेशानंतर व्यासपीठावरूनच प्रार्थना व्हायची: देशासाठी, राजघराण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, मरणाऱ्यांसाठी. तीन मिनिटं. तेव्हा सगळ्यांच्या माना खाली असायच्या आणि जिना करकरला तरी कुणी बघायचं नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना चाललेली असताना आजारी माणूस खाली टाइल्सना डोकं टेकवून उभा असायचा, आणि आमेनच्या आत वर पोचायचा. ती तीन मिनिटं त्याची होती. त्यांच्यावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

आणि ती त्याने स्वतःच्या हाताने देऊन टाकली. स्टीन, नवी पाळकबाई, नाताळनंतर रुजू झाली. छत्तिशीची, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. फेब्रुवारीतल्या मंगळवारच्या बैठकीत, कॉफी आणि दालचिनीच्या वड्या मध्ये ठेवून, ती म्हणाली, "उपदेश संपतो तेव्हा लोक बसून बसून आंबलेले असतात. त्यांना लगेच गायला मिळालं तर बरं. प्रार्थना मी गीतानंतर घेईन, वेदीपाशी. फ्लेमिंग?" "मला काय, तू म्हणशील तिथे उभा राहतो," फ्लेमिंग तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. "थोरकिल? तुझी काही हरकत?" थोरकिलच्या डोक्यात ती तीन मिनिटं लख्ख उभी राहिली. हरकत होती. जीव तोडून हरकत होती. पण ती सांगायची तर टेबलावरच्या वड्यांसमोर, या दोन बायकांसमोर (स्टीन आणि चर्चची देखभाल करणारी बोडिल), असं म्हणावं लागलं असतं, की मला त्या वेळात मुतायला जावं लागतं. ऑर्हूस शहरात एकोणसत्तर वर्षं काढलेल्या माणसाला आरडाओरडा करता येत नाही तसं हेही म्हणता येत नाही. "माझी?" तो म्हणाला. "छे. मला काय फरक पडतो." स्टीनने वहीत टिक केली. पेनचा तो टिक आवाज त्याला ऐकू आला.

पहिले चार रविवार त्याने निभावले. एक कागद आधी उठायचं, एवढंच. पाचव्या रविवारी लघवीनेच दगा दिला. त्या दिवशी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या भागात, सज्जाच्या खालीच मांडलेल्या टेबलांशी, नेहमीसारखी कॉफी झाली आणि त्याला एक शब्द कुणी विचारला नाही. सगळे इतके चांगले वागले की त्याचा जीव गुदमरला. एका म्हातारीने त्याचा कोट झटकून दिला. फक्त फ्लेमिंग, ज्याला चांगलं वागता येत नाही, खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बरं जमलं की रे तुझ्याशिवाय! पुढच्या रविवारी घरीच लोळ. पगार मी आणून देतो." सगळे हसले. थोरकिलही हसला. हसताना त्याला खालून पुन्हा ती जड, बोथट कळ जाणवली. आत कुणीतरी मूठ वळून बसलंय आणि ती सोडायला तयार नाही, अशी.

ती मूठ किती मोठी झाली आहे ते जानेवारीत कळलं होतं. तो रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला गेला होता. तरुण डॉक्टर कीबोर्डवर टकटक करत म्हणाला, "लघवीचं कसं काय?" आणि थोरकिल, का कोण जाणे, खरं बोलून गेला. मग रक्त, मग कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. भिंतीवर एक तक्ता होता, त्यात पुरुषाच्या देहाचा उभा छेद, आणि मध्ये अक्रोडाएवढं प्रोस्टेट पिवळ्या रंगात. थोरकिल त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिला. इतका शरमेचा आणि इतका साधा क्षण आयुष्यात दुसरा आठवत नव्हता. "एक बाजू जरा टणक लागते," डॉक्टर हातमोजा काढत म्हणाला. "बहुतेक काही नसेलही. पण बघायला हवं." आठवड्याने रक्ताचा आकडा आला, तो जास्त होता, आणि डॉक्टरने त्याचं नाव हॉस्पिटलकडे पाठवलं. हॉस्पिटलची पत्रं फोनवर येतात. पहिलं आलं तेव्हा तो जोडे बांधत होता. टुंग झालं, पाठवणाऱ्याचं नाव दिसलं, आणि त्याने फोन पालथा ठेवला. अजून उघडलं नव्हतं. परवा आणखी एक आलं. उघडलं की त्यात तारीख असणार, तारीख असली की जावं लागणार, गेलं की कळणार. न उघडलेल्या पत्रात माणूस अजून निरोगी असतो, असं काहीतरी त्याच्या मनाने धरलं होतं. ते खुळेपणाचं आहे हे त्याला कळत होतं. आनेलीसला, त्याच्या बायकोला, यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण फार घोरतो असं सांगून तो दिवाणखान्यातल्या कोचावर झोपायला लागला होता. तिनेच त्याची उशी तिकडे नेऊन ठेवली, आणि त्या उशीवर टेकताना त्याला दर वेळी रडू फुटायच्या बेतात असायचं.

गंमत अशी, की ऑर्गनच्या तब्येतीत त्याने कधी हयगय केली नव्हती. दर सप्टेंबरला दुरुस्तीवाला यायचा, दोन दिवस राहायचा, एकेक नळी काढून फुंकून बघायचा, कुठे भाता गळतोय, कुठे चामडं आखडलंय, सगळं. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी काय काय तपासून घ्यावं याचं एक पत्रक दवाखान्यातून त्याच्याकडेही कधीतरी आलं होतं. ते त्याने घडी घालून ऑर्गनच्या डुगडुगत्या बाकाखाली सरकवलं, आणि बाक चांगला बसला. बारा वर्षं तो त्या पत्रकावर बसून वाजवत होता.

आणि मग आक्सेलची बरणी. आक्सेल रोसेंडाल थोरकिलचा गुरू, त्याच्या आधीचा ऑर्गनवाला. मोठा माणूस, बोटं सुताराची आणि कान सोनाराचे. शेवटच्या वर्षांत तो कंबरेला हात लावून चालायचा, संधिवात म्हणायचा. अठ्ठ्याऐंशी साली तो गेला. कशाने गेला ते कुणी स्पष्ट बोललं नाही. हाडांत गेलं होतं एवढंच कानावर आलं, आणि कुठून गेलं होतं ते कुणी विचारलं नाही. थोरकिल तेहतीस वर्षांचा होता. पहिल्या रविवारी तो बाकावर बसला, पायाखालच्या पट्ट्यांमागे काहीतरी चकाकलं, त्याने हात घातला, तर काचेची बरणी निघाली, बीटाच्या लोणच्याची असते तशी, रुंद तोंडाची, झाकणासकट. एका क्षणात त्याला उलगडा झाला आणि तो एकटाच वर खो खो हसला. त्यानंतर ती गोष्ट त्याने किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. लग्नांत, नाताळच्या जेवणात, प्रत्येक नव्या पाळकाच्या स्वागताला. त्याला नक्कल चांगली साधायची: आक्सेल एका हाताने वाजवतोय, चेहरा स्वर्गाकडे, दुसरा हात खाली. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "आणि बरणी कशी? प्रभुभोजनाच्या चांदीच्या पेल्यासारखी, लखलखीत!" तिथे लोक फुटायचे. फक्त बोडिल त्या वेळी हमखास कप गोळा करायला उठायची. तिला पाचकळपणा आवडत नाही, असं थोरकिल समजत आला होता. ती बरणी त्याने कुठे टाकली ते त्याला आठवत नव्हतं. अलीकडे त्याला ती बरणी आठवायची तेव्हा हसू यायचं नाही. आक्सेलचं वय आठवायचं. सहासष्ट.

पुढच्या मंगळवारी स्टीनने वही मिटून ठेवली आणि म्हणाली, "थोरकिल, रविवारचं विचारू का? रागवायला नव्हे हं. मला काळजी वाटली." तिच्या आवाजात खरोखरच काळजी होती. दार उघडं होतं. पाऊल टाकायचं एवढंच बाकी होतं. थोरकिलने कपाकडे पाहिलं. "गुडघा," तो म्हणाला. "जिना उतरलो आणि गुडघ्याने असहकार पुकारला. वर चढवेना." "पण मध्येच उतरलास कशाला?" बोडिलने विचारलं. बोडिल पासष्टीची, आडव्या बांध्याची. घंटा वाजवण्यापासून मेणबत्त्यांपर्यंत चर्चचं सगळं तिच्याकडे. "चष्मा कोटात राहिला होता." "चष्मा," बोडिल म्हणाली. "अरे मग सांगायचं नाही का!" स्टीन कळवळून म्हणाली. "माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेत. तू आता अजिबात जिना चढउतर करायची नाही. एकदा चढलास की उपासना संपेपर्यंत वरच. काय लागेल ते आम्ही आणून देऊ." "मी कॉफी वर पोचवीन," बोडिल म्हणाली. "मोठा थर्मास आहे माझा." "कॉफी नको," थोरकिल घाईने म्हणाला. "नको काय नको? सकाळी घेत नाहीस म्हणूनच हातपाय आखडतात. बघतेच कसा घेत नाहीस ते." फ्लेमिंगने डोळा मारला. "नशीब काढलंस लेका. माझा घसा बसला तर मला कुणी पाणी विचारत नाही." थोरकिलने सगळ्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

आठवडाभर त्याला लंगडावं लागलं. चर्चचा परिसर लहान, कोण कुठे भेटेल सांगता येत नाही. बेकरीत लंगडला, बसथांब्यावर लंगडला, आणि सवयीने घरीही लंगडत शिरला. आनेलीस बटाटे सोलत होती. तिने वर न बघता विचारलं, "काल उजवा होता ना?" त्याने पाय बदलला. तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि पुढचा घेतला. त्या वेळी तिच्यापाशी जाऊन बसावं, सुरी तिच्या हातातून काढून घ्यावी आणि सगळं ओकून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण इतकी वर्षं संसार झाला की बोलायचं राहिलेलं सांगायला नवा आवाज लागतो, आणि तो आवाज त्याच्याकडे नव्हता. तो पेपर घेऊन आत गेला. खिडकीबाहेर मार्चचं राखाडी, न हलणारं आभाळ होतं. खिशात फोन होता आणि फोनमध्ये दोन पत्रं.

रविवारी बाप्तिस्मे होते. म्हणजे दोन कुटुंबं, आठ-दहा पोरं, आणि वीस मिनिटं जास्त. बोडिल थर्मास घेऊन वर आली, रुंद तोंडाचा, स्टीलचा, आणि कप भरून समोर उभी राहिली. "घे. मी बघतेय." त्याने घेतली. गरम, कडू, गेल्या तीन वर्षांत रविवारी सकाळी न चाखलेली कॉफी त्याच्या घशातून उतरली आणि तिची चव इतकी चांगली होती की त्याला स्वतःची कीव आली. "पोरं वर धुडगूस घालायला येतात," बोडिल जाताना म्हणाली, "म्हणून जिन्याच्या खालच्या दाराला बाहेरून कडी घालते हं. वाराही येत नाही मग गुडघ्यावर. शेवटचं वाजवून झालं की काढते." तिचे पाय जिन्यावरून उतरले. दार लागलं. कडी पडली. मग घंटेचे ठोके सुरू झाले, तीन, तीन आणि तीन, आणि थोरकिलने हात पट्ट्यांवर ठेवले.

दुसऱ्या गीताला कळ सुरू झाली. बाप्तिस्म्याचं पाणी ओतताना, आरशात बोटाएवढी स्टीन वाकली आणि पाण्याचा तो बारीक आवाज वरपर्यंत आला, तेव्हा त्याने मांड्या एकमेकींवर दाबल्या. तिसऱ्या गीताला त्याच्या पाठीवरून घाम निघाला. वाजवताना बरं असतं, पाय हलत असतात, मन सुरांत असतं. उपदेश सुरू झाला आणि सगळीकडे शांतता झाली तेव्हा देहात एकच जागा उरली. स्टीन कशावर बोलत होती कुणास ठाऊक. तो तिचे कागद मोजत होता. मोजून तरी काय करणार? खाली कडी होती. त्याने सज्जाभर नजर फिरवली: नळ्या, गीतांची पुस्तकं, कोट, खिडकीवर वाळकी माशी. माणसाला असं कोंडलं जायला तुरुंग लागत नाही, चार प्रेमळ माणसं पुरतात, असं त्याच्या मनात आलं. आणि तो एकोणसत्तर वर्षांचा माणूस, ज्याने मंडळींतल्या निम्म्या लोकांना लग्नात आत आणलं आणि शवपेटीतून बाहेर पोचवलं, लहान मुलासारखा बाकावर पुढेमागे हलायला लागला. मग त्याची नजर थर्मासवर गेली. नाही, तो मनाशी म्हणाला. लगेच त्याला पट्ट्यांमागे चकाकलेली ती काच आठवली. आक्सेलसुद्धा पहिल्यांदा नाहीच म्हणाला असेल.

त्याने उरलेली कॉफी कपात ओतली, काठोकाठ. बाकाच्या मागे, मोठ्या नळ्यांच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काही होईना. खाली स्टीन एकेक वाक्य बोलत होती आणि वाक्यावाक्यांमध्ये थांबत होती. तिच्या थांबण्यात सबंध चर्च ऐकत असे. शेवटचा कागद उलटल्याचा आवाज आला. ये बाई, तो म्हणाला, आक्सेल, काहीतरी कर. आणि मग आली. आधी थेंबाथेंबाने, मग बारीक धारेने, आणि स्टीलवर तिचा असा आवाज झाला की तो वेदीपर्यंत जावा. त्याने थर्मास तिरपा केला, धार कडेने सोडली. आवाज बंद झाला. त्याला हुंदका आला तो सुटकेचा होता की लाजेचा हे सांगता येणार नाही. दोन्हीचा असेल. उपदेशाचं आमेन झालं तेव्हा तो झाकण फिरवत होता. बाकावर पोचला, हात पट्ट्यांवर पडले, आणि सूर वेळेवर निघाला. पाच कडवी त्याने अशी वाजवली की खाली लोकांच्या माना आपोआप ताठ झाल्या. त्याला कानात एकच ऐकू येत होतं: लखलखीत, लखलखीत.

शेवटचं वाजवून झाल्यावर कडी निघाली आणि बोडिल धापा टाकत वर आली. "आज काय अंगात आलं होतं तुझ्या? दे तो थर्मास." "मी आणतो." "गुडघ्याने?" "आणतो म्हटलं ना!" तो इतका ओरडला की ती एक पायरी मागे सरकली. काखेत थर्मास दाबून तो खाली आला. सरळ टॉयलेटकडे जायचं ठरवलं होतं, पण दाराशी बाप्तिस्म्याच्या पाहुण्यांची रांग, कडेवर पोरं. आणि फ्लेमिंगने त्याला दंडाला धरून टेबलाशी ओढलं. "या, या! स्टीनला आक्सेलच्या बरणीची गोष्ट माहीतच नाही! तीन महिने झाले बाईला येऊन! थोरकिल, सांग. तुझ्याइतकी कुणाला येत नाही." खुर्च्या वळल्या. म्हातारे आधीच हसायला लागले होते. बोडिल टेबलाच्या टोकाला उभी होती, किटली हातात.

थोरकिलने सुरुवात केली. जीभ सवयीने चालायला लागली: अठ्ठ्याऐंशी साल, पहिला रविवार, पायाखाली काहीतरी चकाकतं. त्याला स्वतःचा आवाज परका, खेळकर वाटत होता. नक्कल त्याने केली नाही, कारण एक हात गुंतला होता. "...आणि हात घालतो तर काय, बरणी!" हास्याचा स्फोट झाला. स्टीनने तोंडावर हात धरला. बोडिल या वेळी कप गोळा करायला गेली नाही, कारण तिची किटली संपली होती आणि स्टीनचा कप रिकामा होता. ती पुढे वाकली आणि त्याच्या काखेतला थर्मास तिने अलगद ओढला. "यात असेल थोडी," ती म्हणाली, आणि झाकणाला पीळ दिला.

"थांब," थोरकिल म्हणाला. त्याने तिचा हात धरला होता. "त्यात कॉफी नाही."

हसू एकेका खुर्चीवरून विझत गेलं. सगळ्यांत आधी फ्लेमिंगचं, कारण सगळ्यांत आधी त्यालाच कळलं. थोरकिलला वाटलं होतं, की हे शब्द बाहेर पडले की छप्पर कोसळेल. छप्पर जागच्या जागी होतं. "गुडघा बरा आहे माझा," तो म्हणाला. "गुडघ्याला काही झालेलंच नाही. मला लघवी धरवत नाही, आणि जातो तेव्हा होत नाही. म्हणून रविवारी उतरलो होतो. स्टीन, ती प्रार्थना. ती व्यासपीठावरून व्हायची तेव्हा मी खाली जाऊन यायचो. मला ती तीन मिनिटं परत हवीत."

"एवढंच सांगायचं होतं?" स्टीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एवढंच," तो म्हणाला, आणि मग, "नाही. एवढंच नाही. हॉस्पिटलची पत्रं आलीत. दोन. उघडली नाहीत."

बोडिलने थर्मास घेतला आणि ती मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज यायला लागला. फ्लेमिंगने हात पुढे केला, तळवा वर. "आण," तो म्हणाला. "तुझा चष्मा वर असणार. या वेळी खरोखरच." थोरकिलने फोन उघडून त्याला दिला. फ्लेमिंगने पत्र डोळ्यांपासून लांब धरलं, आणि सवयीने उभा राहिला. "पहिल्यातली तारीख गेली," तो म्हणाला. "दुसऱ्यात... परवा. मंगळवार, नऊ वाजता. स्कॅन, आणि बरोबर कुणी जवळचं माणूस आणावं." तो थांबला. त्याचा मोठा आवाज प्रथमच बसल्यासारखा आला. "तपासणीआधी एक तास लघवीला जाऊ नये." टेबलावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि शरमलं. "एक तास?" थोरकिल म्हणाला. मग तो स्वतःच हसला, आणि हसता हसता त्याला खुर्चीला धरावं लागलं. एक तास. परवा. जवळचं माणूस. आनेलीस घरी टेबल मांडत असेल. आज जाऊन तिच्यासमोर बसायचं होतं, आणि ते इथल्यापेक्षा कठीण होतं.

बोडिल परत आली. थर्मास धुतलेला, आतून-बाहेरून पुसलेला होता. तिने तो त्याच्यासमोर ठेवला. "मला खरंच गुडघा वाटला," ती म्हणाली. "आणि कडी मीच घातली." तिचा आवाज रागाचा होता. "आक्सेलने निदान मला सांगितलं होतं."

थोरकिलने तिच्याकडे पाहिलं.

"बरणी आपोआप लखलखीत होत नाही, थोरकिल. तीन वर्षं दर रविवारी मी धुवायचे." तिने टेबलावरचे कप एकात एक घालायला सुरुवात केली. "पुढच्या रविवारी हा वर ठेवते. रिकामा. झाकण उघडंच राहू दे, आतून अजून ओला आहे."